नाचता येईना, फोन वाकडा

शनिवार सकाळ. चहा झालाय, पेपर चाळून झालाय, आई "भाजी आण" म्हणून दोनदा ओरडून गेलीये, आणि मी गेले तीन आठवडे डोक्यात घोळणाऱ्या एका राष्ट्रीय महत्त्वाच्या प्रश्नाचा निकाल लावायला बसलोय. प्रश्न असा: नवा फोन घ्यावा की नाही?

हसू नका. ८० हजारांचा प्रश्न आहे. (७९,९९९ म्हणे. तो एक रुपया वाचवून मी काय करणार, देव जाणे.)

आधी पार्श्वभूमी. माझा आत्ताचा फोन २०१९ चा, पहिल्या पगारातून घेतलेला. काचेला उजव्या कोपऱ्यात तडा आहे, बॅटरी दुपारी तीनला मान टाकते, आणि मिटिंगमध्ये तो टेबलावर ठेवला की टीममधली पोरं माझ्याकडे अशा नजरेनं बघतात, जणू मी खिशातून पाटी-पेन्सिल काढलीये. मी डोंबिवलीत राहतो, हापिस ऐरोलीला. आठवड्यातून तीन दिवस डोंबिवली ते ठाणे, मग नऊ-दहा नंबरवर धावत जाऊन ट्रान्स-हार्बर, मग दिघा गाव (हे स्टेशन जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालं) आणि मग ऐरोली. सगळं धरून जायला एक तास, यायला एक तास. शिवाय मी पेटी वाजवतो आणि चाली लावतो. निदान लोकांना तसं सांगतो.

आता ज्याला त्याला माझ्या फोनची काळजी. मुख्य युक्तिवाद दोन. एक, "अरे, रोज दोन तास प्रवासात जातात, चांगला फोन हवाच." दोन, "तू म्युझिक करतोस ना? मग ह्या डबड्यावर कसं जमणार?" दुसरा युक्तिवाद जास्त घातक, कारण तो ऐकताना गुदगुल्या होतात. आपण कलाकार आहोत, आणि आपली कला केवळ रॅम कमी असल्यामुळे अडलीये, हे ऐकायला कोणाला आवडणार नाही?

मलाही आवडलं. इतकं, की मागच्या रविवारी मी दुकानात गेलो. फोन हातात घेतला. सुंदर होता, खोटं कशाला बोलू. मग वायरचा इअरफोन खिशातून काढला आणि फोनला भोक शोधायला लागलो. वर नाही, खाली नाही, बाजूला नाही. दुकानातला पोरगा दयेनं म्हणाला, "सर, आता ते येत नाही. इअरबड्स घ्या ना, ऑफरमध्ये आहेत."

इथे माझं डोकं फिरलं. ते अजून जागेवर आलेलं नाही.

३.५ मिलिमीटरचं ते भोक १९७९ च्या वॉकमनवरही होतं. त्याला चार्ज करावं लागत नाही, पेअर करावं लागत नाही. २०१६ साली ॲपलनं आयफोन ७ मधून ते काढलं आणि भर मंचावर त्याला 'धैर्य' म्हटलं. त्याच वर्षी गूगलनं आपल्या पिक्सेलच्या जाहिरातीत आमच्याकडे अजून भोक आहे असा टोमणा मारला, आणि २०१७ च्या पिक्सेल २ मधून स्वतःच काढून टाकलं. सॅमसंगनंही आधी खिल्ली उडवली, मग २०१९ च्या नोट १० मधून गुपचूप काढलं. आधी फुकटचं भोक बुजवायचं, मग त्याजागी काही हजारांचे बड्स विकायचे. आमच्या गल्लीतला टँकरवाला बरा, तो निदान नळ स्वतः बंद करत नाही.

"पण त्यानं फरक काय पडतो?" गाणी ऐकणाऱ्याला फारसा पडत नाही. वाजवणाऱ्याला पडतो, आणि जो फोन मला 'म्युझिकसाठी' विकला जातोय त्याबद्दल मी बोलतोय. साध्या ब्लूटूथवर आवाज कानापर्यंत पोचायला साधारण दीडशे ते अडीचशे मिलिसेकंद लागतात. सिनेमा बघताना ॲप चित्रही तेवढंच मागे ठेवतं, म्हणून कळत नाही. पण स्क्रीनवर तबल्याचा बोल वाजवताना माझं बोट कोण मागे ठेवणार? हिशोब करा. द्रुत तीनतालात मिनिटाला ३०० मात्रांची लय धरली, तर एक मात्रा झाली २०० मिलिसेकंदांची. म्हणजे मी समेवर मारलेला 'धा' मला दुसऱ्या मात्रेवर ऐकू येणार! माझ्या गुरुजींनी असल्या वाजवण्यावर पट्टी काढली असती. आता त्याचेच पैसे घेतात.

"मग सी-टाइपचा डोंगल लाव." लावतो. मग चार्जिंग कुठे लावू? त्यासाठी दोन तोंडांचा वेगळा डोंगल. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात तो हाच, फक्त इथे कोंबडीच ८० हजारांची आहे.

बरं, न्याय्य बोलू. नव्या फोनचा एक फायदा खरा आहे. फोन आवाज तुकड्यातुकड्यांनी हाताळतो. सेकंदाला ४८,००० नमुने, आणि ९६० नमुन्यांचा एक तुकडा म्हणजे २० मिलिसेकंदांचा उशीर. तुकडा जितका लहान, तितका उशीर कमी. अँड्रॉइड यात वर्षानुवर्षं मागे होतं, २०१२ पासून हळूहळू सुधारत गेलं, आणि २०१७ च्या अँड्रॉइड ८ मध्ये त्यासाठी नवी यंत्रणाच आली. चांगल्या नव्या फोनवर, वायर लावून, स्क्रीनवरची पट्टी दाबली की सूर जवळजवळ लगेच येतो. माझ्या फोनवर अडखळतो. मान्य.

पण मी स्वतःला विचारलं, बाबा रे, ठाण्याच्या पुलावरून धावत येऊन, एका हातानं कडी धरून, दुसऱ्याच्या सॅकमध्ये नाक खुपसून तू स्क्रीनवर तबला वाजवणार आहेस का? गाडीत मी तीनच गोष्टी करू शकतो. सुचलेली ओळ गुणगुणून रेकॉर्ड करणं, सरगम लिहून ठेवणं, आणि काल रात्री घरी वाजवलेलं ऐकणं. या तिन्ही गोष्टी माझं डबडं बिनतक्रार करतं.

आणि माझी अक्कल यापुढची आहे. आम्ही इंजिनिअर लोक. प्रोग्रॅम हळू चालत असेल तर आधी काय करतो? मोजतो. वेळ नेमका कुठे जातो ते बघतो. मोजल्याशिवाय नवा सर्व्हर मागितला तर मॅनेजर हाकलून देतो. मग स्वतःच्या खिशातले ८० हजार घालताना हा नियम कुठे जातो?

म्हणून मी दोन आठवडे वहीत मोजलं. सहा दिवस, बारा फेऱ्या, ७२० मिनिटं. चालणं, गाडी बदलणं आणि हात वर करता येणार नाही अशा गर्दीत उभं राहणं: २९०. रील्स, क्रिकेट, बातम्या: २१५. झोप: ९०. हापिसचे मेसेज: ६०. संगीत: ५०. आणि फोन अडकला, हळू चालला, बंद पडला म्हणून वाया गेलेला वेळ: १५.

पंधरा मिनिटं. ७२० पैकी. दोन टक्के.

जीन ॲमडाल नावाच्या संगणकतज्ज्ञानं १९६७ साली मांडलेला एक नियम आम्हाला तिसऱ्या वर्षाला होता. एखाद्या कामाचा एक भाग तुम्ही कितीही वेगवान केलात, तरी एकूण फायदा त्या भागाच्या वाट्यापलीकडे जात नाही. म्हणजे जगातला सर्वांत वेगवान फोन आणला तरी माझे दोनच टक्के वाचणार. आणि खरं सांगू? ते दोन टक्के पन्नासच्या आकड्यात जमा होणार नाहीत, २१५ च्या आकड्यात जातील, अजून झकास रंगांत. मला लाज वाटली ती १५ च्या आकड्याची नाही. ५० आणि २१५ ची वाटली.

मग अजून एक हिशोब काढला, तो जास्त टोचला. गेल्या चार वर्षांत 'संगीतासाठी' मी घेतलेल्या वस्तू: छोटा कीबोर्ड, माइक, ऑडिओ इंटरफेस, हेडफोन, एक सॉफ्टवेअर. एकूण पाच. पूर्ण केलेल्या चाली: दोन. आणि त्या दोन्ही पहिली वस्तू यायच्या आधीच सुचलेल्या!

प्रत्येक वेळी वाटलं होतं की हे एक आलं की मग सुरुवात. खोकं फोडायचा आनंद हा चाल पूर्ण झाल्याच्या आनंदासारखाच लागतो, आणि तो पैशांत मिळतो, हा सगळा घोळ आहे. आपण साधनं जमवतो आणि त्यालाच साधना समजतो.

कोणी म्हणेल, तो अमेरिकेतला स्टीव्ह लेसी बघ. केंड्रिक लमारच्या २०१७ च्या 'डॅम' अल्बममधल्या एका गाण्याचं मूळ त्यानं आयफोनवर, गॅरेजबँडमध्ये केलं. बरोबर. पण त्यातून धडा काय घ्यायचा? त्याच्याकडे संगणक आणि महागडं सामान नव्हतं, हातात जे होतं त्याला केबलनं गिटार जोडून तो कामाला लागला. म्हणजे ते उदाहरण माझ्या बाजूचं आहे हो!

आणि लांब कशाला जाता? गीतरामायण. १ एप्रिल १९५५, रामनवमी, आकाशवाणीचं पुणे केंद्र. गदिमा आणि बाबूजी यांनी दर आठवड्याला एक नवं गीत, अशी ५६ गीतं केली. तेव्हा चुकलं तर 'अनडू' नव्हतं. होती फक्त मुदत. दर आठवड्याला गाणं जायचंच. मला ८० हजारांचा फोन नकोय, मला तसली मुदत हवीये.

आता 'नो कॉस्ट ईएमआय'. शून्य टक्के व्याज असं काही नसतंच, हे रिझर्व्ह बँकेनं २०१३ सालीच बँकांना बजावलं होतं. व्याज कुठेतरी असतंच, कधी प्रोसेसिंग फीमध्ये, कधी न मिळालेल्या सवलतीत. महिन्याला ३,३३३ रुपये, दोन वर्षं. आणि हा ऐवज हातात धरून मी लोकलच्या दारात उभा राहणार, जिथे रुळाशेजारून हातावर काठी मारून फोन पाडणारी फटका गँग आहे. वा!

एक कारण मात्र खरोखर वजनदार आहे, ते लपवत नाही. माझ्या फोनला सिक्युरिटी अपडेट येणं थांबलंय. बँकेचं ॲप अशा फोनवर ठेवणं धोक्याचं. म्हणून मी पगाराचं खातं त्यावरून काढून टाकलंय. किरकोळ पैसे देण्यासाठी वेगळं खातं जोडलंय, त्यात दोन-तीन हजारांच्या वर ठेवत नाही. पण हे माझ्या फोनचं म्हातारपण नव्हे, हे त्याला दिलेलं वाळीत टाकणं आहे. गूगलनं ऑक्टोबर २०२३ मध्ये पिक्सेल ८ ला सात वर्षं अपडेटचं आश्वासन दिलं, सॅमसंगनं जानेवारी २०२४ मध्ये एस २४ ला. मग आधी दोन-तीन वर्षांत हात का वर करत होते? युरोपात जून २०२५ पासून कायद्यानंच पाच वर्षं अपडेट द्यावे लागतात. कायदा आला की जमतं, गिऱ्हाईकानं मागितलं की तांत्रिक अडचण.

तर निकाल. फोन घेत नाही. काल संध्याकाळी स्टेशनजवळच्या एका टपरीत बॅटरी बदलून घेतली. १,४०० रुपये, चाळीस मिनिटं. तो पोरगा म्हणाला, "साहेब, दोन वर्षं काही होत नाही याला." आत्ता हे लिहिताना ६१ टक्के आहे, काल रात्रीपासून. दिवाळीपर्यंत पाच चाली पूर्ण करायच्या. झाल्या, आणि तेव्हाही अडचण फोनचीच निघाली, तर मुकाट्यानं नवा घेईन आणि शब्द गिळेन.

आमच्या सकाळच्या गाडीत एक भजनी मंडळ असतं. त्यातले एक काका टाळ विसरले की डब्याच्या पत्र्यावर अंगठीनं ठेका धरतात. पार कोपर ते कळवा, लय एक केस हलत नाही. परवा त्यांच्या शेजारी उभा राहून मी 'म्युझिकसाठी सर्वोत्तम फोन' असा व्हिडिओ बघत होतो. त्यांनी एकदा माझ्या स्क्रीनकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि मानेनंच खूण केली, की धर, म्हण.

मला शब्द येत होते. तरी मी नुसता हसलो आणि व्हिडिओ पुढे बघितला. ते २१५ मध्ये धरलंय.

असो. भाजी आणायला जातो, आई तिसऱ्यांदा येतीये. सोमवारी सकाळी मात्र फोन खिशात.