लाल शाई किती?

बडनेऱ्यातल्या एखाद्या पोराने इंग्रजी निबंधात ‘सन राइझेस इन ईस्ट’ लिहिलं, तर दोन ‘द’ गळले. गळणारच! मराठीत तसला शब्दच नाही. मग कुणी दाखवल्याशिवाय ते त्याला कळावं कसं?

भाषाशिक्षणाचे अभ्यासक जॉन ट्रस्कॉट यांनी मात्र १९९६ मध्ये मांडलं, की व्याकरणाच्या अशा दुरुस्त्या निरुपयोगी, उलट घातकच. त्याच क्षेत्रातल्या डाना फेरिस यांनी १९९९ मध्ये त्याचा प्रतिवाद केला: दुरुस्ती नेमकी आणि स्पष्ट असेल तर उपयोगी पडते.

फेरिस यांचंच पारडं जड वाटतं. मात्र अख्खी वही लाल केली, तर पोरगं मार्क पाहून ती मिटून टाकतं. त्यापेक्षा या खेपेला फक्त गळलेल्या ‘द’च्या जागी खूण करावी, बाकीचं तूर्त सोडावं आणि तोच परिच्छेद त्याच्याकडून पुन्हा लिहून घ्यावा. वह्यांच्या गठ्ठ्यापुढे बसलेल्या मास्तरांनाही तेवढंच झेपतं.