हैतीचा मॅकबेथ आणि आमचा रंगमंच

१४ एप्रिल १९३६ या दिवशी बाबासाहेबांच्या वयाला ४५ वर्षे पूर्ण झाली. त्याच दिवशी हजारो मैल दूर, न्यूयॉर्कच्या हार्लेम या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत, लाफायेत थिएटरसमोर सुमारे दहा हजार माणसांचा जमाव लोटला होता. रस्ता बंद पडला होता. आत शेक्सपिअरचे ‘मॅकबेथ’ उभे राहत होते आणि रंगमंचावरचा प्रत्येक नट, प्रत्येक नटी कृष्णवर्णीय होती. स्कॉटलंडचा थंड किल्ला गायब झाला होता. त्याच्या जागी होते एकोणिसाव्या शतकातले हैती, ताडामाडांचे रान आणि ढोलांचा घुमारा. हा योगायोग आहे, त्यातून चमत्कार काढायचे कारण नाही. पण आंबेडकरी चळवळीच्या वाचकाने या प्रयोगाचा हिशेब मांडला पाहिजे, कारण त्यात जो प्रश्न उभा राहिला तोच आज आपल्या दारात उभा आहे. प्रश्न असा की, शोषितांना रंगमंचावर उभे केले म्हणजे रंगमंच त्यांचा होतो काय?

पार्श्वभूमी समजून घेऊ. अमेरिकेत महामंदी होती. रूझवेल्ट सरकारने बेकारांना काम देण्यासाठी ज्या योजना काढल्या, त्यात १९३५ साली नाट्यकलावंतांसाठी ‘फेडरल थिएटर प्रोजेक्ट’ सुरू झाले. त्याच्या अनेक शाखांपैकी एक कृष्णवर्णीय कलावंतांची, हार्लेममधली. त्याच हार्लेममध्ये मार्च १९३५ मध्ये दंगल भडकली होती. बेकारी, घरभाडे आणि पोलिसी जुलूम यांनी माणसे पेटली होती. अशा वस्तीत हा प्रयोग झाला. दिग्दर्शक होता ऑर्सन वेल्स, वय वर्षे वीस, गोरा. नाटक हैतीत नेण्याची कल्पना त्याच्या पत्नीची, व्हर्जिनिया निकोल्सनची. जॅक कार्टर मॅकबेथ झाले, एडना थॉमस लेडी मॅकबेथ, कॅनडा ली बँको. शेक्सपिअरच्या चेटकिणी वूडू पंथाच्या पुजारिणी झाल्या, म्हणून लोकांनी नाटकाचे नावच ‘वूडू मॅकबेथ’ पाडले.

या प्रयोगाने काय दिले, ते आधी मोकळ्या मनाने सांगितले पाहिजे. तोवर अमेरिकन रंगभूमीवर काळ्या माणसाला जागा होती ती नोकराची, विदूषकाची, नाच्याची. गोरे नट तोंडाला काजळी फासून त्याची टिंगल करीत. इथेही आपली थट्टाच होणार, अशी शंका हार्लेममधल्या अनेकांना प्रयोगाआधी होती आणि ती अनाठायी नव्हती. प्रत्यक्षात काळा नट राजा झाला, सेनापती झाला, शेक्सपिअरची भाषा ताठ मानेने बोलला. हार्लेमच्याच वृत्तपत्रात रॉय ऑटली या कृष्णवर्णीय पत्रकाराने त्याचे स्वागत केले. शेकडो बेकार हातांना पगार मिळाला. दहा आठवडे नाटक गर्दीत चालले, ब्रॉडवेवर गेले, दौऱ्यावर गेले. ज्याला शतकानुशतके माणूस म्हणून उभे राहू दिले नाही, त्याने राजाच्या भूमिकेत उभे राहणे ही साधी गोष्ट नाही. महाडच्या तळ्यावर पाण्याची चव पाहायला आपण गेलो नव्हतो, हक्क सिद्ध करायला गेलो होतो. ते ज्याला कळते त्याला हार्लेमची ती गर्दीही कळेल.

पण हिशेबाची दुसरी बाजू आहे. या शाखेची धुरा दोघांकडे होती : रोझ मॅकक्लेंडन ही नामवंत कृष्णवर्णीय अभिनेत्री आणि जॉन हाऊसमन हा गोरा निर्माता. मॅकक्लेंडन आजारी पडल्या आणि जुलै १९३६ मध्ये त्यांचे निधन झाले. सूत्रे हाऊसमन आणि वेल्स यांच्या हाती राहिली. नट काळे, प्रेक्षक काळे, वस्ती काळी. पण संहितेवर कात्री चालवणारा, प्रकाश आणि पडदा ठरवणारा, नाटकाचा अर्थ ठरवणारा मेंदू गोरा. आज जगभरच्या नाट्यइतिहासात हा प्रयोग कोणाच्या नावाने ओळखला जातो? वेल्सच्या. मॅकक्लेंडन यांचे नाव किती जणांना माहीत आहे? कॅनडा ली पुढे मोठा नट झाला, वर्णभेदाविरुद्ध बोलत राहिला, कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून काळ्या यादीत गेला, कामाला मुकला आणि १९५२ साली ४५ व्या वर्षी वारला. दिग्दर्शकाला कीर्ती आणि नटाला काळी यादी, असा हा हिशेब आहे.

याहून गंभीर गोष्ट हैतीची. हैती म्हणजे काही नेपथ्यकाराला हवे असलेले रंगीत बेट नव्हे. १७९१ साली तिथल्या गुलामांनी बंड केले, फ्रान्सच्या सैन्याला धूळ चारली आणि १८०४ मध्ये स्वतंत्र राष्ट्र उभे केले. गुलामांनी स्वतः मिळवलेले हे जगातले पहिले स्वातंत्र्य. त्या लढ्यातला एक सेनापती आँरी क्रिस्तोफ पुढे उत्तर हैतीचा राजा झाला, सक्तीच्या मजुरीतून प्रचंड किल्ला बांधला आणि १८२० साली बंड उठल्यावर त्याने आत्महत्या केली. सेनापतीचा राजा झाला, राजाचा जुलमी झाला, म्हणून मॅकबेथशी सांधा जुळला. सांधा खोटा नाही. क्रिस्तोफ जुलमी होता हे आपणही झाकू नये. आपल्या माणसाच्या हुकूमशाहीची चिकित्सा करायची नाही, असे बाबासाहेबांनी आपल्याला शिकवलेले नाही. भक्तीतून हुकूमशाही येते, हा इशारा त्यांनी नोव्हेंबर १९४९ मध्ये संविधान सभेत दिलाच होता.

पण जुलूम आला कुठून, याचे उत्तर नाटकाने काय दिले? चेटूक. मूळ नाटकात चेटकिणींना मर्यादित जागा आहे. वेल्सने त्या जवळजवळ सगळ्या नाटकावर पसरवल्या आणि शेवटचा शब्दही त्यांच्या म्होरक्याच्या तोंडी दिला. म्हणजे राजा मेला तरी शाप चालूच. काळ्या माणसाने राज्य घेतले की त्याचे असेच होणार, असा अर्थ गोऱ्या प्रेक्षकाने घरी नेला असेल तर दोष कोणाचा? खऱ्या हैतीला शाप कोणाचा होता ते इतिहासात लिहिलेले आहे. १८२५ साली फ्रान्सने युद्धनौका आणून, गुलाम गमावल्याची भरपाई म्हणून, १५ कोटी फ्रँक मागितले. १८३८ मध्ये ही रक्कम ९ कोटींवर आली, तरी त्यासाठी काढलेल्या कर्जांचे ओझे विसाव्या शतकापर्यंत पुरले. ज्यांना गुलाम केले त्यांनीच मालकाला नुकसानभरपाई द्यायची! आणि १९१५ ते १९३४ अशी १९ वर्षे हैती खुद्द अमेरिकन सैन्याच्या ताब्यात होते. ताबा उठून दोन वर्षेही झाली नव्हती, तोच अमेरिकन सरकारच्या पैशाने हे नाटक झाले. त्यात ढोल होते, जादूटोणा होता. कर्ज नव्हते, फौज नव्हती.

शोषितांच्या श्रद्धेला चेटूक म्हणायचे आणि शोषकाच्या लुटीला इतिहासातून वगळायचे, ही रीत आपल्याला नवी आहे काय? गुलामांच्या बंडाची सुरुवातच वूडूच्या सभेतून झाल्याचे सांगतात. म्हणजे जो पंथ बंडाचा होता, तो रंगमंचावर भुताटकीचा झाला. या नाटकावर टीका करणारा एक गोरा समीक्षक काही दिवसांतच वारला. ढोलवाल्यांनी मंत्र घालून त्याला मारले, ही कथा आजही चवीने सांगितली जाते. काळा कलावंत कलावंत राहत नाही, मांत्रिक होतो, तो असा.

याच्या शेजारी दुसरे एक नाटक ठेवून पाहा. हार्लेमच्या प्रयोगाआधी बरोबर एक महिना, मार्च १९३६ मध्ये, लंडनमध्ये सी. एल. आर. जेम्स या त्रिनिदादच्या कृष्णवर्णीय विचारवंताचे ‘तुसाँ लूव्हेर्त्यूर’ हे नाटक झाले. विषय तोच, हैतीची क्रांती. नायकाच्या भूमिकेत पॉल रॉबसन. इथे चेटूक नव्हते. गुलामी होती, राजकारण होते, क्रांतीचे डावपेच आणि चुका होत्या. त्याचे प्रयोग किती झाले? दोन. संहिता अनेक दशके गहाळ होती. ती सापडून छापली गेली २०१३ साली. हैती तेच, वर्ष तेच. शेक्सपिअरच्या अंगरख्यातले हैती लाखाच्या आसपास प्रेक्षकांनी पाहिले, आणि काळ्या माणसाने स्वतः लिहिलेले हैती दोन प्रयोगांत संपले.

आता लाहोरकडे वळू. याच एप्रिलमध्ये जातपात तोडक मंडळाचा आणि बाबासाहेबांचा पत्रव्यवहार चालला होता. मंडळाला अध्यक्ष म्हणून बाबासाहेब हवे होते. भाषणातला धर्मशास्त्रांवरचा घाव नको होता. बाबासाहेबांनी एक स्वल्पविरामही बदलायला नकार दिला. परिषद रद्द झाली. भाषण त्यांनी स्वखर्चाने छापले आणि ‘जातिसंस्थेचे उच्चाटन’ जगाला मिळाले. चेहरा तुमचा, शब्द आमचे, हा सौदा हार्लेमच्या बेकार नटांना पोटासाठी पत्करावा लागला. त्यांना दोष देता येणार नाही. बाबासाहेबांनी तो सौदा धुडकावला.

आपल्याकडे आज काय चालले आहे? २०२५ च्या एप्रिलमध्ये महात्मा फुल्यांवरचा हिंदी चित्रपट यायचा होता. ब्राह्मण संघटनांनी आक्षेप घेतला, प्रदर्शन दोन आठवडे लांबले आणि सेन्सॉर मंडळाने जातींची नावे, ‘पेशवाई’सारखे शब्द यांवर बोट ठेवले. जोतीराव चालतील, सावित्रीबाई चालतील, जयंतीला हारही चालतील; मात्र ते ज्याच्याविरुद्ध लढले त्याचे नाव घ्यायचे नाही! शत्रूशिवाय योद्धा कसा दाखवायचा? १८५५ साली जोतीरावांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक दक्षिणा प्राइझ कमिटीकडे दिले होते आणि ते नाकारले गेले होते. १७० वर्षांनी कमिटीचे नाव बदलले, इतकेच.

दुसरे उदाहरण अधिक बोचरे आहे. जर्मन नाटककार ब्रेख्त मराठी रंगभूमीचा लाडका. ‘अजब न्याय वर्तुळाचा’ झाले, पुलंचे ‘तीन पैशाचा तमाशा’ झाले. टाळ्या पडल्या, प्रबंध लिहिले गेले. त्याच ब्रेख्तच्या एका नाटकावरून आलेल्या ओळी ३१ डिसेंबर २०१७ रोजी शनिवारवाड्यावरच्या एल्गार परिषदेत कबीर कला मंचाच्या पोरांनी सादर केल्या. जुलूम असलेल्या शहरात उठाव झाला पाहिजे, असा त्यांचा आशय. जानेवारी २०१८ मध्ये दाखल झालेल्या फिर्यादीत त्या ओळी गुन्ह्याचा पुरावा म्हणून आल्या. सप्टेंबर २०२० मध्ये सागर गोरखे, रमेश गायचोर आणि ज्योती जगताप यांना अटक झाली आणि त्यांची वर्षानुवर्षे तुरुंगात गेली. खटल्यात इतरही आरोप आहेत, त्यांचा निकाल न्यायालय देईल. पण वातानुकूलित नाट्यगृहातला ब्रेख्त अभिजात आणि भीमा-कोरेगावच्या आदल्या दिवशी वस्तीतल्या पोरांच्या तोंडचा ब्रेख्त चिथावणीखोर, हा न्याय कोणत्या वर्तुळाचा? अभिजात नाटक निरुपद्रवी असते ते केवळ चुकीच्या माणसाच्या हाती पडेपर्यंत.

मग शेक्सपिअर, ब्रेख्त, शूद्रक यांना हातच लावायचा नाही का? तसे म्हणणे म्हणजे स्वतःच अस्पृश्यता पाळणे. १९७३ साली दक्षिण आफ्रिकेत ‘द आयलंड’ हे नाटक झाले. रॉबेन बेटावरच्या तुरुंगात दोन काळे कैदी ‘अँटिगनी’ या ग्रीक नाटकाची तालीम करतात आणि राजाज्ञा मोडणाऱ्या त्या मुलीच्या तोंडून वर्णद्वेषी सत्तेवर खटला भरतात. अथोल फुगार्ड गोरे. पण नाटककार म्हणून तिघांची नावे आहेत : फुगार्ड, जॉन कानी, विन्स्टन न्त्शोना. ज्या देशात काळ्यांना नट म्हणून नोंदही मिळत नव्हती, तिथे हे घडले. सहकार्य असे असते. २५०० वर्षांपूर्वीचे नाटक त्या दोघांनी स्वतःच्या कोठडीत ओढून आणले. त्यांना कोणी त्यात नेऊन बसवले नाही.

महाराष्ट्रातही दोन्ही वाटा दिसल्या. गो. पु. देशपांडे यांचे ‘सत्यशोधक’ २०१२ च्या सुमारास अतुल पेठे यांनी पुणे महापालिकेच्या सफाई कामगारांना घेऊन केले. प्रयोग चांगला होता, हेतू स्वच्छ होता, कामगारांनी जीव ओतला होता. प्रश्न त्या प्रयोगापुढचा आहे. त्या कामगारांपैकी किती जण पुढे दिग्दर्शक झाले, किती जणांच्या हाती संहिता आली? त्याच वर्षी ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’ आले. संभाजी भगतांची संकल्पना, राजकुमार तांगडे यांची लेखणी. त्यांनी इतिहास मोहल्ल्यात आणला आणि त्याचा अर्थ मोहल्ल्याने लावला. नाव, शब्द आणि अर्थ तिन्ही हातात असले की काय होते, ते महाराष्ट्राने पाहिले.

म्हणून चळवळीने यापुढे कोणतेही ‘आपल्या विषयावरचे’ नाटक पाहताना भूमिका कोणाला मिळाल्या एवढ्यावर समाधान मानू नये. संहिता कोणाची, दिग्दर्शन कोणाचे, पैसा कोणाचा आणि जुलमाचे कारण काय दाखवले, हे चार प्रश्न विचारावेत. कारणाच्या जागी दैव, शाप किंवा चेटूक दिसले की समजावे, कोणीतरी कर्जाची वही लपवली आहे. जयंतीच्या वर्गणीतला एक वाटा डीजेऐवजी वस्तीतल्या नाट्यसंस्थेकडे वळवावा. जुन्या जलसाकारांच्या वह्या ट्रंकेत वाळवीने खाल्ल्या जाण्याआधी गोळा करून छापाव्यात. जेम्सच्या संहितेसारखी अनेक दशके वाट पाहायला आपल्याकडे वेळ नाही.

हार्लेमच्या त्या प्रयोगाची शेवटची चार मिनिटे १९३७ च्या एका सरकारी माहितीपटात उरली आहेत. ज्या प्रकल्पाने तो केला, तो १९३९ मध्ये अमेरिकन संसदेने पैसा तोडून बंद पाडला. सरकारने दिलेला रंगमंच सरकारने परत घेतला. बाबासाहेबांनी पदरचे पैसे घालून छापलेले ते न झालेले भाषण मात्र आज गावोगाव वाचले जाते.