अर्थशास्त्राच्या इंग्रजीचा पेच

मराठी माध्यमातून अर्थशास्त्राची पदवी घेतलेला विद्यार्थी पदव्युत्तर वर्गात येतो, तेव्हा अनेकदा त्याची अडचण विषयाची नसते, भाषेची असते. त्यावर संभाषण आणि अर्जलेखन शिकविणारे इंग्रजीचे सर्वसाधारण वर्ग सुचविले जातात. दुखणे एक आणि औषध भलतेच, असा हा प्रकार आहे.

अर्थशास्त्रातील अनेक इंग्रजी शब्द ओळखीचे असतात. अर्थ मात्र अनोळखी असतो. 'डिमांड' म्हणजे नुसती इच्छा नव्हे, तर क्रयशक्तीची जोड असलेली इच्छा. शेअरखरेदीला व्यवहारात 'इन्व्हेस्टमेंट' म्हणतात. राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात ती तशी धरली जात नाही. 'इन्फ्लेशन'चा दर घटला म्हणजे किमती उतरल्या असे नव्हे; त्यांच्या वाढीचा वेग मंदावला, एवढेच. फेब्रुवारी २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने रेपो दर ६.५ वरून ६.२५ टक्क्यांवर आणला. ही कपात २५ बेसिस पॉइंटची. मूळ दराच्या तुलनेत मात्र ती सुमारे ३.८ टक्के भरते. 'पर्सेंट' आणि 'पर्सेंटेज पॉइंट' यांतील भेद न कळल्यास निष्कर्षच चुकतो.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने मातृभाषेतील उच्च शिक्षणाला बळ दिले, ते योग्यच झाले. तथापि, या विषयातील बहुतांश संशोधन इंग्रजीतच प्रसिद्ध होते. म्हणून अर्थशास्त्र आणि इंग्रजी या दोन्ही विभागांनी मिळून अभ्यासक्रम आखायला हवा. महाराष्ट्राची आर्थिक पाहणी मराठी व इंग्रजी अशा दोन्ही भाषांत निघते. ती शेजारी-शेजारी ठेवून वाचणे, ही त्याची सुरुवात ठरू शकते. त्यासाठी वेगळ्या निधीची नव्हे, इच्छाशक्तीची गरज आहे.