बिरुदे कोणाची, मुलूख कोणाचा?

डेन्मार्कच्या मध्ययुगीन राजवंशावळीत ‘एस्टोनियाचा ड्यूक’ ही पदवी वारंवार भेटते. नावापुढे ती दिसली, की हा पुरुष त्या मुलखाचा धनी होता असे आपण निमूटपणे धरून चालतो. इतिहास वाचण्याची ही रीत चुकीची तर आहेच, शिवाय ती अन्यायाचीही आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आधी घडले काय ते पाहावे. १२१९ मध्ये दुसरा वाल्देमार आरमार घेऊन उत्तर एस्टोनियाच्या किनाऱ्यावर उतरला आणि लिंडानिसे येथे त्याने लढाई जिंकली. डॅनिश ध्वज त्या वेळी आकाशातून पडला अशी आख्यायिका आहे. तेथे उभ्या राहिलेल्या रेव्हल नगरास आज ताल्लिन म्हणतात. ‘डेनांचा कोट’ असा त्याचा अर्थ सामान्यतः सांगितला जातो. राजाचा अनौरस पुत्र क्नुड ह्या प्रांताच्या पहिल्या ड्यूकांत गणला जातो. परंतु १२२७ मध्ये खड्गधारी बंधूंच्या जर्मन संघाने हा मुलूख बळकावला आणि १२३८ च्या तहानंतरच तो डेन्मार्कला परत मिळाला. पुढे १२६९ च्या सुमारास राजेच स्वतःस ‘एस्टोनियाचा ड्यूक’ म्हणवू लागले.

लॅटिनमध्ये ‘डुक्स’ म्हणजे सेनेच्या अग्रभागी चालणारा नायक. हे नायक कोठे होते? १३२९ मध्ये ही पदवी हालंडचा (Halland) ड्यूक क्नुड पोर्से ह्यास मिळाली आणि पुढच्याच वर्षी तो वारला. त्यानंतर ती दुसऱ्या क्रिस्तोफरचा पुत्र ओटो ह्याच्याकडे आली. १३३४ मध्ये गमावलेले राज्य मिळवण्यासाठी तो जटलंडात लढला, हरला आणि होल्स्टाइनच्या काउंटचा कैदी झाला. एस्टोनियाचा ड्यूक कित्येक वर्षे परक्याच्या तुरुंगात होता, तरी एस्टोनियाच्या कारभारात काडीचा फरक पडला नाही! कारण प्रत्यक्ष जमीन बहुतांशी जर्मन वंशाच्या मानकऱ्यांच्या हाती होती. तेराव्या शतकातील डॅनिश महसूल-बखरीत तेथील गावे आणि जमिनीचे धनी ह्यांची नोंद आहे. नांगर धरणाऱ्याचे नाव मात्र तीत नाही.

ते नाव २३ एप्रिल १३४३ च्या रात्री, सेंट जॉर्जच्या सणाच्या रात्री, इतिहासात आले. शेतकऱ्यांनी बंड केले, गढ्या जाळल्या आणि आपल्यातून चार राजे निवडले. ते चौघे पुढील महिन्यात पाइदेच्या किल्ल्यात जर्मन संघाशी वाटाघाटीस गेले आणि तेथेच मारले गेले. त्या भूमीच्या लोकांनी स्वतः निवडलेले राजे हेच, पण एकाही राजावळीत त्यांना स्थान नाही. तीन वर्षांनी, १३४६ मध्ये, वाल्देमार आत्तरदागने हा मुलूख १९,००० मार्क चांदीस ट्यूटॉनिक संघाला विकला आणि ओटो त्याच संघात संन्यस्त झाला. पदवी मात्र मेली नाही. १५६१ नंतर स्वीडनच्या राजांनी आणि १७२१ नंतर रशियाच्या सम्राटांनी एस्टोनियाचे नाव आपापल्या बिरुदावलीत गोवले. तेथील भूदासत्व १८१६ मध्ये संपले; तोवर सहा शतके लोटली होती.

ह्यावर एक आक्षेप ठरलेला आहे: पदवी हा अस्सल दप्तरी पुरावा असून तो टाकला तर इतिहास लिहावा कशाच्या आधारे? पुरावा टाका असे आम्ही म्हणत नाही. तो कशाचा पुरावा, एवढेच विचारतो. पदवी हा दाव्याचा पुरावा आहे, ताब्याचा नव्हे. आणि लोकांच्या संमतीचा तर मुळीच नव्हे. रेव्हलला १२४८ मध्ये ल्यूबेकचा नगरकायदा मिळाला, ही डॅनिश अमलाची देणगी खरीच. परंतु तिचे फळ प्रामुख्याने जर्मन व्यापाऱ्यांनी चाखले. डॅनिश राजे ‘वेंडांचे राजे’ असेही म्हणवीत. वेंडांच्या भूमीवरील डॅनिश सत्ता केव्हाच लयास गेली, पण ती पदवी राणी दुसरी मार्गरेथ हिने १९७२ मध्ये सोडीपर्यंत चालत राहिली.

त्याच्या आदल्याच वर्षी, १९७१ मध्ये, आपल्याकडे संस्थानिकांची मान्यता घटनादुरुस्तीने संपली. हा प्रसंग ग्वाल्हेर, इंदूर, बडोद्याच्या वाचकांस निराळा सांगायला नको. आपल्यापैकी अनेकांच्या घरी जहागिरीच्या सनदा जपून ठेवलेल्या आहेत आणि त्यांवरून कुलवृत्तान्तही लिहिले जातात. ते जरूर लिहावेत. पण सनदेत ज्या गावाचे नाव आहे, त्या गावाने सारा कसा भरला, दुष्काळात काय केले, आपल्या पूर्वजांविषयी मागे काय आठवण ठेवली, हेही त्यात यावे. तसे न केल्यास आपला कुलवृत्तान्त ओटोच्या पदवीहून फारसा निराळा ठरणार नाही. बिरुद खरे असेल. पण मुलखाचा इतिहास मुलखालाच विचारावा लागतो.