आनंद शिंदे गेले कुठे होते?

२००६ साली केदार शिंदे यांचा ‘जत्रा’ आला आणि त्यातल्या ‘कोंबडी पळाली’नं सगळा महाराष्ट्र नाचवला. संगीत अजय-अतुल यांचं, आवाज आनंद शिंदे आणि वैशाली सामंत यांचे, पडद्यावर भरत जाधव आणि क्रांती रेडकर. तेव्हापासून एक गोष्ट वारंवार वाचायला मिळते, ती म्हणजे आनंद शिंदे यांनी या गाण्यानं पुनरागमन केलं. मला हे कधीच पटलेलं नाही. आमच्या नेवाशातून तरी ते कुठे गेलेलेच नव्हते.

ज्या वर्षांत ते बाजूला पडले होते असं म्हणतात, त्याच वर्षांत आमच्याकडे नवरदेवाचा परण्या मारुतीच्या देवळाकडे निघायचा तो त्यांच्याच गाण्यावर. बेंजो पार्टीनं ‘नवीन पोपट हा’ धरला नाही तर वरात पुढं सरकायची नाही. पोरं रस्त्यात फतकल मारून बसायची. नवरदेवाचा मामा घड्याळ दाखवून थकायचा, मांडवात भटजी खोळंबायचे. शेवटी पोपट वाजायचा, मग सगळे उठायचे. पैठणीचा पदर खोचून आत्या, मावश्याही मध्ये शिरायच्या. एरवी चारचौघांत मान वर न करणाऱ्या बायका त्या एका गाण्यापुरत्या मोकळ्या व्हायच्या, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

हे गाणं गावोगाव पोचलं ते कॅसेटमुळे. त्याआधी गाणं बाहेर काढायचं तर तबकडी काढावी लागे आणि तबकडी निघायची ती मुंबईतल्या मोठ्या कंपनीच्या मर्जीनं. ऐंशीच्या दशकात कॅसेट स्वस्त झाली. थोड्या भांडवलात गाणी ध्वनिमुद्रित करायची, बाजारात टाकायची, आणि रेडिओनं ती लावली काय न लावली काय, टपरीवरच्या टेपवर ती वाजणारच. पीटर मॅन्युएल या अभ्यासकानं १९९३ साली ‘कॅसेट कल्चर’ या पुस्तकात उत्तर भारताबद्दल हेच दाखवून दिलंय की कॅसेटनं गाण्याची मालकी मूठभरांच्या हातून सोडवली आणि बोलींना, जातसमूहांना, गल्ल्यांना आपापला बाजार मिळाला. महाराष्ट्रात तो बाजार ज्यांनी उभा केला, त्यांत शिंदे घराणं सगळ्यात पुढं. आठवडे बाजाराच्या दिवशी कोरी कॅसेट देऊन आपल्या आवडीची गाणी भरून घ्यायची सोय असायची. दुकानदाराच्या वहीत गाण्यांची यादी लिहून द्यायची आणि पुढच्या बाजारी कॅसेट घ्यायची. त्या याद्यांत लता मंगेशकर असायच्या, किशोरकुमार असायचा आणि दोघांच्या मध्ये कुठंतरी आनंद आणि त्यांचे भाऊ मिलिंद शिंदे असायचेच. ऐकणाऱ्यानं कधी वरची-खालची प्रत लावली नाही. ती लावली ती लिहिणाऱ्यांनी.

या आवाजाची मुळं मंगळवेढ्याची. आनंद आणि मिलिंद यांचे वडील प्रल्हाद शिंदे यांनी भीमगीतं गायली, कव्वालीचे सामने गाजवले आणि ‘पाऊले चालती पंढरीची वाट’ही त्यांनीच घरोघर पोचवलं. नेवाशात हे फार जवळून कळतं. ज्ञानेश्वरी जिथं सांगितली गेली तो पैस खांब आमच्या गावात. कामिका एकादशीला इथं दर्शनाची रांग लागते, आणि पहाटेपासून कर्ण्यावर जो आवाज सुरू होतो तो प्रल्हाद शिंद्यांचा. बाबासाहेबांच्या वाटेनं चाललेला गायक विठ्ठलाचं गाणं गातो आणि माळ घातलेला वारकरी त्याच्या आवाजानं दिवस सुरू करतो. कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीतही पुन्हा तोच आवाज. गावातली माणसं इतर बाबतींत एकमेकांपासून किती अंतर ठेवून राहतात हे मला ठाऊक आहे, म्हणून या आवाजाचं मोल मला जास्त वाटतं. प्रल्हाद शिंदे २००४ च्या जूनमध्ये गेले. त्याच्या महिनाभर आधी भीमगीतं लिहिणारे लोकशाहीर वामनदादा कर्डक गेले होते. एका उन्हाळ्यात दोन्ही खांब पडले, आणि त्या मानानं वर्तमानपत्रांत फार थोडं छापून आलं.

तर हा आवाज कसला, ते जरा नीट सांगायला हवं. आमच्या ओळखीचे एक बेंजोवाले आहेत, सारी हयात लग्नसराईत गेली. बेंजो म्हणजे आपल्याकडचा, टाइपरायटरसारखी बटणं असलेला. डाव्या हातानं बटणं दाबायची, उजव्यानं तारा छेडायच्या. मूळचा तो जपानी तायशोगोतो. आपल्याकडे त्याचं बुलबुल तरंग झालं आणि पुढं वीज जोडून तो रस्त्यावर आला. या बेंजोवाल्यांचं म्हणणं असं की शिंद्यांचं गाणं खालच्या पट्टीत वाजवताच येत नाही. चढीच पट्टी धरावी लागते, सूर खाली आणला की गर्दी बसते. मला यात मोठी खूण सापडते. हा आवाज माइक तोंडाशी धरून कुजबुजण्यासाठी तयारच झालेला नाही. कव्वालीच्या सामन्यात समोरच्या पार्टीला आणि शेवटच्या रांगेतल्या माणसालाही ऐकू जावं म्हणून तो मोकळ्या मैदानात कमावला गेला. ओळीच्या शेवटी तो सूर सोडून देत नाही, टाकतो. मराठी चित्रपटाला आणि भावगीताला कितीतरी वर्षं आर्जवी, रेशमी आवाजाची सवय होती. तिथं हा आवाज बसणार कुठं? दोष आवाजाचा नव्हता, जागाच अरुंद होती.

अजय-अतुल यांनी ती जागा रुंद केली. त्यांचं मोठेपण मी याच्यात मानतो की त्यांनी आनंद शिंद्यांना मवाळ केलं नाही. वरातीतला आवाज त्यांनी वरातीतल्यासारखाच घेतला आणि ताल त्याच्या अंगाचा दिला. म्हणून गाणं चाललं. २०१२ साली याच चालीवर ‘अग्निपथ’मध्ये ‘चिकनी चमेली’ आलं. श्रेया घोषाल उत्तमच गायल्या, सगळा देश नाचला. पण त्या हिंदी गाण्यात आनंद शिंद्यांचा आवाज नाही, आणि मला ते गाणं आजही अर्धं वाटतं.

ज्याला पुनरागमन म्हणतात ते खरं तर ऐकणाऱ्यांनी धरून ठेवणं असतं, याची जगात इतरही उदाहरणं आहेत. अमेरिकेत जॉर्जिया राज्यात अथेन्स नावाचं कॉलेजचं गाव आहे. तिथं १९७६ साली ‘द बी-फिफ्टीटूज’ नावाचा बँड जमला. त्यांचा पहिला कार्यक्रम १९७७ च्या फेब्रुवारीत मित्राच्या घरच्या पार्टीत झाला आणि पुढं जन्मभर ते पार्टीचीच गाणी करत राहिले. १९८५ साली त्यांचा गिटारवादक रिकी विल्सन एड्सनं गेला. बँड संपला असं लोक धरून चालले असताना १९८९ साली ‘लव्ह शॅक’नं ते पुन्हा वर आले. मग १९९२ नंतर नवा अल्बम नाही तो थेट २००८ साली, ‘फनप्लेक्स’. तेव्हा यांतली मंडळी पन्नाशीच्या आसपास किंवा पुढं होती. त्यांना इतकी वर्षं धरून ठेवलं ते त्यांच्या चाहत्यांनी. त्यांतले कितीतरी जण असे होते की ज्यांना शिष्ट जगानं कधी आपलं मानलं नव्हतं आणि ज्यांना त्या गाण्यांवर नाचताना पहिल्यांदा आपली माणसं भेटली होती. नाचाच्या गाण्याला हलकं समजणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. जिथं नाचायला मिळतं तिथं माणूस काही वेळ कुणाला भीत नाही.

आमच्याकडेही तेच आहे. वरातीतून, जयंतीतून, उरुसातून हे गाणं ज्यांनी जपलं ती ऊसतोडीला जाणारी, बाजार समितीत गोणी उचलणारी, भेंड्याच्या आणि सोनईच्या कारखान्यांवर पाळीनं काम करणारी माणसं. मोठ्या सभागृहाचं तिकीट त्यांनी कधी काढलं नसेल. पण बेंजोवाल्याच्या कपाळाला दहाची नोट चिकटवून फर्माईश करताना त्यांनी हात आखडता घेतला नाही. ‘कोंबडी पळाली’ आलं तेव्हा ही मंडळी खूश झाली, पण चकित झाली नाहीत. चकित झाले ते दुसरे.

पुढं २०१३ साली आनंद यांचे चिरंजीव आदर्श यांचा आवाज ‘दुनियादारी’मधल्या ‘देवा तुझ्या गाभाऱ्याला’त ऐकला आणि कामिका एकादशीची पहाट आठवली. आजोबांची फेक तीच, फक्त दुःख वेगळं. २०१६ साली ‘पोश्टर गर्ल’मध्ये ‘आवाज वाढव डीजे’ बापलेक दोघं मिळून गायले. आता लग्नात बेंजो क्वचित दिसतो. पिकअपवर भिंतीएवढे स्पीकर आणि मागं जनरेटर. रात्री दहाला पोलीस येतात, आवाज बंद होतो. छातीत धडकी भरवणारा तो दणका मला स्वतःला सोसत नाही आणि आजारी माणसांचे हाल बघवत नाहीत. पण गाणं कुणाचं लावायचं याबद्दल पोरांचा निर्णय त्यांच्या बापांसारखाच ठाम आहे.

म्हणून माझं एक मागणं आहे. आनंद आणि मिलिंद शिंदे यांनी आदर्शला सोबत घेऊन एक अख्खा नवा अल्बम करावा, चित्रपटाच्या प्रसंगाला बांधलेला नको. त्यात एक भीमगीत असावं, एक विठ्ठलाचं, एक कव्वाली सामन्यातल्यासारखी सवाल-जवाबाची, आणि निदान एक तरी असं की ज्याच्यावर आत्या-मावश्या पदर खोचतील. साथीला खरा बेंजो घ्यावा, संगणकातला नको. वाजवणारी माणसं हवी असतील तर नगर जिल्ह्यात अजून आहेत. त्यांची लग्नसराई आखाजीला धरून ज्येष्ठापर्यंत असते, पुढं ती मोकळीच असतात.