इतिहासपटाचे भांडवल आणि गावची माणसे

इतिहासपट काढावयाचा म्हटले की पहिला प्रश्न पैशाचा निघतो. वाडे, घोडे, ढालतलवारी, पोशाख, शेकडो माणसांचा जमाव ही यादी वाचूनच होतकरू निर्माता हबकून जातो. तथापि चित्रणाची साधने आता पुष्कळच आवाक्यात आल्यामुळे, मुंबईकडे न पाहता गावचेच नट आणि गावचेच कारागीर घेऊन ऐतिहासिक चित्रपट करण्याचे धाडस जिल्ह्याच्या ठिकाणची तरुण मंडळी करू पाहतात. या धाडसाचे कौतुक व्हावयास हवेच. परंतु कौतुकाच्या भरात एक हिशेब मांडावयाचा राहून जातो, आणि तो मांडण्यासाठी कोल्हापूरकडे वळणे अगत्याचे आहे.

बाबूराव पेंटर यांनी 1917 मध्ये कोल्हापुरात महाराष्ट्र फिल्म कंपनी स्थापन केली. तिच्या भांडवलास गायिका तानीबाई कागलकर यांनी हातभार लावला. कॅमेरा विकत घेण्याऐवजी तो दामल्यांच्या साहाय्याने गावातच घडविण्यात आला. रंगविलेल्या पडद्यांच्या जागी उठावदार देखावे उभे राहिले. वेशभूषेचे आराखडे बाबूराव स्वतः रेखाटीत. 1920 मध्ये ‘सैरंध्री’ आणि 1923 मध्ये ‘सिंहगड’ पडद्यावर आले. ‘सिंहगडा’तील रात्रीच्या प्रसंगांसाठी कृत्रिम प्रकाशाचा वापर झाला, तोही त्या काळी नवाच होता. श्रीमंत पेढी पाठीशी नसताना हे घडले, याचे कारण सुतार, लोहार, रंगारी, शिंपी यांचे पिढ्यान्‌पिढ्या साठलेले कसब गावात होते. अर्थशास्त्राच्या दृष्टीने तेही भांडवलच. केवळ त्याची नोंद कोणत्याही खतावणीत नसते.

नेमका येथेच आजचा प्रश्न उभा राहतो. गावात केलेला चित्रपट स्वस्तात होतो हे खरे. पण स्वस्ताई दोन प्रकारची असते. माणसे घरी राहतात, जेवतात, त्यामुळे प्रवासाचा आणि मुक्कामाचा खर्च वाचतो. जुना वाडा असतो तेथेच वापरता येतो. ही खरी बचत होय. दुसरी स्वस्ताई मात्र कुणीतरी फुकट राबल्यामुळे साधते. शिंपी चार रात्री जागून अंगरखे शिवतो, शेतमजूर दिवसाची मजुरी बुडवून मावळा म्हणून उन्हात उभा राहतो, आणि ‘आपल्या गावचा चित्रपट’ एवढ्या शब्दावर त्यांची बोळवण होते. ही बचत नव्हे. गावाकडून घेतलेले हे बिनव्याजी, बिनमुदतीचे आणि कागदावर न आलेले कर्ज आहे.

कोल्हापूरच्या पुढच्या इतिहासातून यावरचा मार्गही दिसतो. 1929 मध्ये दामले, फत्तेलाल, शांताराम आणि धायबर हे चौघे महाराष्ट्र फिल्म कंपनीतून बाहेर पडले आणि भांडवल पुरविणारे सीतारामपंत कुलकर्णी यांच्यासह त्यांनी ‘प्रभात’ सुरू केली. पैसा घालणारा आणि कसब घालणारे एकाच पंक्तीला भागीदार म्हणून बसले, हे या संस्थेचे वैशिष्ट्य. पुढे पुण्यात गेलेल्या याच ‘प्रभात’ने 1936 मध्ये ‘संत तुकाराम’ दिला. भागीदारीने भांडणे टळतात असे मात्र नाही. 1942 मध्ये शांतारामांनी वेगळी चूल मांडली, हे सर्वश्रुत आहे. परंतु ज्याचे कसब, त्याचा वाटा हे तत्त्व त्यामुळे खोटे ठरत नाही.

यावर आक्षेप असा येईल की, असे बहुतेक चित्रपट घातलेला पैसाही परत आणीत नाहीत. मग वाटा कशाचा द्यावयाचा? आक्षेप रास्त आहे. म्हणूनच जो हातावर पोट असताना काम सोडून येतो, त्याला स्थानिक दराने मजुरी त्याच दिवशी मिळावी. इतरांच्या श्रमाचे मोल ठरवून ते वाटा म्हणून लिहून ठेवावे. रोख भांडवल फिटल्यानंतर जे उरेल त्यात तो वाटा मोजावा. काहीच न उरल्यास तोटा सर्वांचा होईल. पण तो समजून-उमजून पत्करलेला असेल. ‘मंथन’ (1976) हा इतिहासपट नव्हता. पण गुजरातच्या 5 लाख शेतकऱ्यांनी दिलेल्या प्रत्येकी 2 रुपयांतून तो उभा राहिला, आणि निर्माते म्हणून श्रेयनामावलीत त्या शेतकऱ्यांचाच उल्लेख झाला. सामान्य माणसाचा हिस्सा कितीही लहान असला, तरी तो नोंदविता येतो एवढे त्यावरून सिद्ध होते.

मावळ्यांच्या त्यागाची गाथा पडद्यावर आणताना मावळ्याची भूमिका करणाऱ्यालाच त्याग करावयास लावणे, ही विसंगती इतिहासाच्या अभिमान्यांना तरी खटकावयास हवी. पहिले चित्रण सुरू होण्यापूर्वी गावच्या चावडीवर बसून एक साधा करारनामा सर्वांसमक्ष वाचून दाखविला, तर त्याला फारसा खर्च येणार नाही. मात्र त्यामुळे दुसरा चित्रपट काढावयाच्या वेळी तीच माणसे पुन्हा आनंदाने येतील. आणि स्थानिक चित्रपटाचे खरे भवितव्य त्या दुसऱ्या चित्रपटावरच अवलंबून आहे.