गोळ्यांच्या वेळांसोबत गाण्याचीही वेळ

खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला सगळ्यात जड जाते ती रात्र. कमरेखालच्या भुलीचा अंमल उतरलेला असतो, दोन्ही पायांमध्ये उशी असते आणि कूस बदलायलाही दुसऱ्याचा हात लागतो. दिवसा डॉक्टरांचा राउंड असतो, नातेवाईक येतात, फिजिओथेरपिस्ट वॉकर देऊन उभं करतात. वॉर्डातले दिवे मालवले की मन दुखण्यापाशीच जाऊन बसतं.

त्या वेळी कानाशी आवडीचं गाणं असावं, असं मी आग्रहाने म्हणतो, आणि त्याला आधार आहे. २०१५ साली ‘द लॅन्सेट’मध्ये लंडनच्या संशोधकांनी ७३ चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. निरनिराळ्या शस्त्रक्रिया झालेले सुमारे ७ हजार रुग्ण त्यात होते. संगीत ऐकणाऱ्यांना दुखणं कमी जाणवलं, त्यांची धास्ती कमी झाली आणि वेदनाशामकही कमी लागलं. दहाच्या पट्टीवर मोजलेली वेदना सरासरी दोन अंकांच्या आसपास कमी झाली. मात्र रुग्णालयातला मुक्काम काही कमी झाला नाही, हेही त्याच आढाव्यात नोंदवलं आहे. शिवाय गाणं चालू आहे हे रुग्णापासून लपवता येत नाही. त्यामुळे या चाचण्यांना औषधांच्या चाचण्यांइतकी काटेकोर कसोटी लावता येत नाही.

दुखणं कमी का होतं? वेदनेचे अभ्यासक रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ मध्ये मांडलं की जखमेकडून निघालेला संदेश जसाच्या तसा मेंदूत पोचत नाही. मज्जारज्जूत त्याला वाट मिळते किंवा अडवलं जातं, आणि त्यात मेंदूचाही वाटा असतो. तपशील पुढे बदलले, पण मूळ विचार टिकला. भीती, जागरण आणि एकटेपणा यांनी तीच जखम जास्त दुखते. मन दुसरीकडे गुंतलं की कमी दुखते.

म्हाताऱ्या माणसांसाठी याचं मोल आणखी आहे. खुब्याचं हाड मोडलेले बहुतेक रुग्ण वयस्कर असतात, त्यातही बायका जास्त. काही वेदनाशामकं त्यांच्या मूत्रपिंडाला सोसत नाहीत. अफूच्या वर्गातल्या औषधांनी बद्धकोष्ठ होतं, कधी बुद्धीही गोंधळते. डोस थोडा जरी कमी लागला तरी त्यांना खरा दिलासा मिळतो.

घरच्यांना सगळ्यात घाबरवतो तो हा गोंधळच. काल व्यवस्थित बोलणारी आई आज भिंतीवर माणसं दिसतात म्हणते, सलाईनची नळी ओढते, मुलाला ओळखत नाही. मोठ्या शस्त्रक्रियेनंतर उतारवयात असं होतं, आणि बहुतेकदा ते ओसरतंही. फ्लोरिडातल्या संशोधक रूथ मॅकॅफ्री यांनी खुबा आणि गुडघ्याच्या वृद्ध रुग्णांच्या खाटेशेजारी सीडी प्लेअर ठेवून पाहिले. गाणं ऐकणाऱ्यांमध्ये असा गोंधळ कमी आढळला. अभ्यास लहान होते, तरी दिशा आशादायक आहे.

गाणं कोणतं, हे रुग्णाने ठरवायचं. अमुक राग अमुक व्याधीवर, असे तक्ते फिरत असतात. त्यांना भक्कम पुरावा नाही, आणि त्यांच्या भरवशावर कोणी पैसे मागत असेल तर देऊ नयेत. एखाद्या आजींना भीमसेनांचे अभंग हवे असतील, शेजारच्या खाटेवरच्या काकांना जुनं नाट्यसंगीत, तर कुणाला तमाशातल्या लावण्या. आजारी माणसासमोर लावणी कशी लावायची, असा संकोच नातेवाइकांनी धरू नये. सून-मुलगा ‘शांत’ म्हणून बासरी लावतात आणि आजींना ती मुळीच आवडत नसते, असंही होतं. एखादं गाणं गेलेल्या माणसाची आठवण काढून रडवतं. म्हणून आधी विचारावं.

आणखी एक गोष्ट हमखास राहून जाते. शस्त्रक्रियेआधी काढून ठेवलेलं कानाचं यंत्र पुढे कपाटातच पडून राहतं. रुग्ण शुद्धीवर येताच ते परत कानात घालायला हवं. नाहीतर गाणंही नाही आणि डॉक्टरांचं बोलणंही नाही. सामायिक वॉर्डात हेडफोन वापरावा, पण आवाज इतकाच ठेवावा की सिस्टरची हाक ऐकू येईल.

गाण्यासाठी गोळी मात्र चुकवायची नाही. वेदना अचानक वाढली, पोटरी सुजली किंवा पाय आखूड किंवा वळलेला दिसला, तर गाणं बंद करून लगेच सिस्टरला बोलवायचं.

पेनसिल्व्हेनियातले शल्यचिकित्सक इव्हान केन यांनी १९१४ मध्येच शस्त्रक्रियागृहात फोनोग्राफ लावण्याबद्दल वैद्यकीय नियतकालिकाला लिहिलं होतं. आज प्रत्येक नातेवाइकाच्या खिशात फोन आहे. तरीही आपल्या रुग्णालयांच्या केस पेपरवर ॲलर्जी, मधुमेह, रक्तदाब अशा रकान्यांच्या शेजारी ‘काय ऐकायला आवडतं’ हा रकाना सापडत नाही. रुग्णालय चालवणाऱ्यांना माझी विनंती आहे की तो घालावा. आणि वाचकहो, घरात कुणाच्या खुब्याची शस्त्रक्रिया ठरली असेल, तर आज संध्याकाळीच त्यांच्याजवळ बसून गाण्यांची यादी करा. ती फोनमध्ये उतरवून ठेवा, कारण वॉर्डात नेटवर्क मिळेलच असं नाही.